मोसेल बे: वाटेत पाण्यासाठी थांबायचं गाव

पहिला दिवस: केप टाउन सोडताना

केप टाउनबद्दल मराठीत भरपूर लिहून झालंय, म्हणून टेबल माउंटन, वॉटरफ्रंट वगैरे गाळते. तसंही आम्हाला मिळालेल्या सकाळी आग्नेयेकडून असा वारा सुटला होता की डोंगरावरची केबल कार बंद होती आणि सपाट माथ्यावरून ढग खाली ओघळत होते. आम्ही चौघं होतो: मी, नवरा, धाकटे दीर आणि जाऊ. केप टाउन ते डर्बन असं किनाऱ्या-किनाऱ्याने जाणारं जहाज. बाकी तिघांच्या यादीत शहामृग, सिंह आणि डर्बनचं जेवण. माझ्या यादीत एकच नाव होतं, मोसेल बे.

मी वसईची. किल्ल्यातली पडकी चर्चं, फरशांवरची पोर्तुगीज अक्षरं, चिमाजी अप्पांचं स्मारक हे आमचं रोजचं. पण लिस्बनहून निघालेली ती जहाजं आमच्या किनाऱ्याला लागायच्या आधी कित्येक महिने आफ्रिकेला वळसा घालत असत. एवढ्या माणसांना पिण्याचं पाणी किती दिवस पुरणार? कुठेतरी थांबावंच लागे. अगदी सुरुवातीच्या वर्षांत त्यांचं थांबायचं ठिकाण होतं मोसेल बे. आमच्या गावाच्या इतिहासाची ही अर्धी वाट मला एकदा पायाखालून घालायची होती.

संध्याकाळी पाचला जहाज सुटलं. डेकवर गर्दी, गाणी, हातात पेले. टेबल बेचा किनारा मागे पडत होता तेव्हा मी भाऊजींना फ्रान्सिस्को द अल्मेडाची गोष्ट सांगितली. हा पोर्तुगीज हिंदुस्थानचा पहिला व्हाइसरॉय. त्याचा मुलगा लोरेन्सो १५०८ साली आपल्या चौलच्या लढाईत मारला गेला. बापाने सूड म्हणून आधी दाभोळ बंदराची राखरांगोळी केली, मग १५०९ मध्ये दीवला विरोधकांचं आरमार बुडवलं. आणि परतीच्या वाटेवर, १ मार्च १५१० रोजी, याच टेबल बेच्या वाळूत तो इथल्या मूळ रहिवासी खोई गुराख्यांच्या भाल्यांनी मेला. त्याच्याबरोबर साठेक माणसं गेली. खोईंनी शिट्ट्यांवर चालणारे आपले बैल मध्ये घातले आणि त्यांच्या आडून हल्ला केला.

"म्हणजे वहिनी, दाभोळचा हिशेब इथे चुकता झाला म्हणायचा."

भाऊजींना हिशेब जमलेला आवडतो, ते आयुष्यभर ऑडिटमध्ये होते. पण खोईंनी दाभोळचं नावही ऐकलेलं नव्हतं. पोर्तुगीज त्यांच्या वस्तीत घुसले, गुरं आणि पोरं उचलून निघाले, म्हणून त्यांनी मारलं. त्यांना त्यांचं कारण पुरेसं होतं.

रात्री कधीतरी आम्ही केप अगुल्हास ओलांडलं. आफ्रिकेचं खरं दक्षिण टोक ते. केप ऑफ गुड होप नुसतं नावाने मोठं. अटलांटिक संपून हिंदी महासागर सुरू होतो तो इथे. आफ्रिकेला वळसा घालणारा पोर्तुगीज दर्यावर्दी बार्तोलोमेऊ डियास, त्यालाही हे टोक दिसलं नव्हतं. वादळाने त्याची जहाजं खोल दक्षिणेला ओढून नेली, जमीन दिसेनाशी झाली. वारा पडल्यावर पूर्वेला गेला तर किनारा सापडेना, म्हणून उत्तरेला वळला, आणि समोर जमीन आली तेव्हा आफ्रिकेला वळसा घालून झालेला होता. आम्हीही तो झोपेतच घातला.

दुसरा दिवस: झाड, बूट आणि काळे मुखवटे

सकाळी पडदा सरकवला तर जहाज नांगर टाकून उभं. समोर उतारावर पसरलेलं गाव, डावीकडे भूशिरावर पांढरं दीपगृह, आणि उजवीकडे दूरवर औटेनिक्वा डोंगरांची निळी रांग. या किनाऱ्यावर नैर्ऋत्येकडून लाटांचा मारा असतो. केप सेंट ब्लेझचं भूशीर तो अडवतं, म्हणून आतलं पाणी शांत. शिडाच्या जहाजाचा कप्तान इथे का शिरला असेल हे नकाशा न उघडता कळतं.

बंदर लहान, मासेमारीच्या बोटींचं. आमच्या जहाजाला धक्क्याला लागायला जागा नाही, त्यामुळे टेंडर बोटींनी किनाऱ्यावर जायचं. नंबराची चिठ्ठी घ्या, थिएटरमध्ये बसा, नंबर पुकारला की खाली जा. बोट लाटेबरोबर वर-खाली होते, दोन खलाशी दंडाला धरतात आणि बोट वर आली की "नाऊ!" म्हणतात. युरोपियन आजी-आजोबा हबकले होते. पावसाळा तोंडावर असताना ज्याने भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच पकडली आहे, त्याला यात काही विशेष वाटू नये.

धक्क्यावर आमची गाईड उभी होती. साठीच्या आसपासची, याच गावात जन्मलेली, घरची भाषा आफ्रिकान्स. तिने स्वतःची ओळख कलर्ड अशी करून दिली. दक्षिण आफ्रिकेत हे एका समाजाचं नाव आहे: खोई, आशियातून गुलाम म्हणून आणलेले लोक आणि युरोपीय यांच्या मिश्रणातून झालेला समाज. जहाजाच्या बसचा दौरा शहामृगांच्या गावाला, औट्सहोर्नला निघाला होता. तिथे रॉबिन्सन घाट ओलांडून जायचं, म्हणजे दिवस रस्त्यात. आमच्या तिघांनी तो बेत दुसऱ्या दिवसावर ढकलला, माझ्या आग्रहाला मान देऊन.

संग्रहालयाचा परिसर धक्क्यापासून चालत दहा मिनिटांवर. उतारावरची हिरवळ, मध्ये ते प्रसिद्ध झाड. मिल्कवुड म्हणतात त्याला. आपल्या चिकू, मोह, बकुळीच्या कुळातलं. बुटकं, पसरलेलं, फांद्या जमिनीला टेकलेल्या, पानं जाड आणि चकचकीत. बाहेरून झाड दिसतं, आत शिरलं की मांडव.

गोष्ट अशी. १५०० साली पेद्रो आल्वारेस काब्राल तेरा जहाजं घेऊन हिंदुस्थानला निघाला. मे महिन्यात दक्षिण अटलांटिकमधल्या वादळात चार जहाजं माणसांसकट बुडाली. त्यातल्या एकावर खुद्द डियास होता. उरलेले कालिकतला पोचले, तिथल्या राजाशी, झामोरिनशी बिनसलं, पोर्तुगीजांची वखार लोकांनी कापून काढली, काब्रालने शहरावर तोफा डागल्या. परतताना ताफ्यातला एक कप्तान, पेद्रो द अताईद, इतरांपासून चुकला. तो इथे थांबला आणि मागून येणाऱ्यांसाठी पत्र लिहून झाडापाशी ठेवून गेला. बुटात ठेवलं होतं असं सांगतात. ७ जुलै १५०१ रोजी हिंदुस्थानला चाललेल्या जोआंव द नोव्हाच्या हाती ते लागलं. त्यात होतं काय? ताफ्याचं झालेलं नुकसान, कालिकतला धोका आहे, कोचीन आणि कन्नूरकडे मित्र आहेत. दक्षिण आफ्रिकेतलं पहिलं टपाल म्हणून ज्याचा एवढा गाजावाजा आहे, त्याचा मजकूर सगळा मलबारचा.

हेच ते झाड, असं कोणी छातीठोक सांगत नाही. पाचशे वर्षांपेक्षा जुनं आहे असं मानतात, आणि जागा पाण्याजवळची आहे. झाडाखाली बुटाच्या आकाराची भलीमोठी टपालपेटी बांधली आहे; तिच्यात टाकलेल्या पत्रावर खास शिक्का मारतात. आम्हीही कार्डं टाकली. नवऱ्याने आपल्या वसईच्या मित्राला चारच शब्द लिहिले: "इथे पाणी आहे. थांबा."

पाणी खरंच आहे. झाडापासून थोडं खाली तो झरा अजून दाखवतात. डियास ३ फेब्रुवारी १४८८ रोजी इथे आला. तो दिवस संत ब्लेझचा, म्हणून जागेला नाव मिळालं 'आग्वादा द सां ब्रास', संत ब्लेझचं पाणी भरायचं ठिकाण. गोव्याच्या वाचकांना आग्वाद किल्ला आठवेल. तोही पाण्याच्या झऱ्यावरच उभा आहे. आणि याच सां ब्रासचं जुनं चर्च जुन्या गोव्याजवळ गांडौळीला आहे. घशाच्या दुखण्यांवर त्याला साकडं घालतात. मोसेल बे हे नाव पुढे डचांचं. १६०१ मध्ये पाउलुस फान कार्डेन इथे थांबला, त्याला शिंपल्यांखेरीज फारसं काही मिळालं नाही, म्हणून शिंपल्यांचा उपसागर.

आत मुख्य इमारतीत डियासच्या जहाजाची प्रतिकृती आहे, पूर्ण आकाराची, नुसती मांडून ठेवलेली नव्हे तर समुद्र पार करून आलेली. पोर्तुगालमध्ये बांधलेलं हे कॅराव्हेल ८ नोव्हेंबर १९८७ रोजी लिस्बनहून निघालं आणि डियासच्या आगमनाला पाचशे वर्षं झाली त्या दिवशी, ३ फेब्रुवारी १९८८ रोजी, या खाडीत शिरलं. जादा पैसे भरले की वर चढता येतं. चढा. खालून ते बऱ्यापैकी मोठं वाटतं. वर उभं राहिलं की पोटात गोळा येतो, कारण टोकापासून टोकापर्यंत फार पावलं पडत नाहीत. तिरक्या डोलकाठ्यांवरची त्रिकोणी शिडं मात्र कोकणातल्या माणसाला अनोळखी नाहीत.

जहाजावरून उतरल्यावर गाईडला विचारलं, तुम्ही हे आलेलं पाहिलंत का?

"नाही. आमच्या घरातलं कोणीच गेलं नाही," ती म्हणाली. "मला त्या वाळूत पोहायची परवानगी नव्हती. मग मी तिथे टाळ्या वाजवायला कशाला जाऊ?"

१९८८ म्हणजे वर्णभेदाची राजवट. खाली दिसणारा किनारा गोऱ्यांसाठी राखीव. सरकारला पाचशेव्या वर्षाचा सोहळा दणक्यात करायचा होता, राष्ट्राध्यक्ष पी. डब्ल्यू. बोथा, ज्यांचा मतदारसंघ शेजारचं जॉर्ज, जातीने हजर होते. डियास उतरतो, किनाऱ्यावरचे खोई त्याला भेटतात, असा प्रवेश बसवलेला. पण कलर्ड समाजाने बहिष्कार टाकला. खोई आणायचे कुठून? शेवटी गोऱ्या माणसांनाच काळं करून, कुरळे टोप घालून उभं केलं. गाईड हे सांगताना हसत होती. माझ्या जावेला आधी वाटलं आपल्याला इंग्रजी नीट कळलं नाही.

त्या प्रवेशात आणखी एक गंमत आहे. १४८८ ची खरी भेट मुळीच गोड झाली नव्हती. डियासची माणसं झऱ्यावर पाणी भरायला लागली, खोईंनी वरून दगड मारले, डियासने क्रॉसबोने एकाला ठार केलं. परक्याने न विचारता पाणी भरलं की गुराखी काय करेल, हे आपल्या कुठल्याही धनगराला विचारावं.

वास्को द गामा २५ नोव्हेंबर १४९७ ला इथे आला आणि तेरा दिवस राहिला. त्याच्या ताफ्यातल्या कोणीतरी लिहिलेली रोजनिशी टिकली आहे, त्यातला हा भाग मला पूर्ण पुस्तकात सर्वांत जिवंत वाटतो. दोनेकशे खोई गुरं घेऊन आले. चार-पाच जण बासऱ्या वाजवू लागले, एक उंच सूर, एक खालचा, असे एकमेकांत मिसळत. लिहिणाऱ्याला नवल वाटलं. गामाने कर्णे वाजवायला सांगितले, पोर्तुगीज होड्यांत नाचू लागले, गामासुद्धा नाचला. तीन कड्यांच्या बदल्यात एक काळा बैल मिळाला. तो रविवारी कापून खाल्ला, फार चविष्ट होता. पुढे पाण्यावरून कुरबुर झाली, गामाने धाक दाखवायला तोफा उडवल्या. निघताना पोर्तुगीजांनी दगडी खांब आणि मोठा क्रूस रोवला. जहाजं अजून खाडीतच होती, तेव्हा दहा-बारा खोईंनी येऊन दोन्ही पाडून टाकले.

संग्रहालयात खांबाची प्रतिकृती आहे. मूळ खांब पाडणाऱ्यांची आठवण एखाद्या फलकात, तीही ओझरती. मला राग नाही आला, सवय आहे. आमच्याकडेही किल्ल्याची माहिती देणारे फलक दरवाजा कोणी बांधला ते सांगतात, दगड कोणी वाहिले ते सांगत नाहीत. पण जहाजाच्या डेकवरून लिहिलेल्या इतिहासातही किनाऱ्यावरची माणसं इतकी ठसठशीत दिसतात, की त्यांना नाटकातले नाचे करायची गरज १९८८ मध्ये का पडली, हे कोडं आहे.

परिसराच्या एका कडेला काही जुन्या कबरी आहेत, मलाय कबरी म्हणतात. मलाय म्हटलं तरी केपमधल्या या मुसलमान समाजात जावा-सुमात्राबरोबर बंगाल, कोरोमंडल आणि मलबारहून गुलाम करून आणलेल्यांचंही रक्त आहे. डचांच्या जहाजांनी तो धंदा शंभराहून अधिक वर्षं चालवला. कबरींपाशी आमच्याशिवाय कोणी नव्हतं. सगळे बुटापाशी फोटो काढत होते.

जेवायला बंदराजवळ उघड्यावरचं ब्राय, म्हणजे लाकडाच्या निखाऱ्यांवर भाजणं. लाकडी बाक, पायाखाली वाळू, धूर डोळ्यांत. रूस्टरकूक नावाचा निखाऱ्यांवर भाजलेला पाव लोण्याबरोबर येतो, तो दोनदा मागवला. शिंपल्या मागवल्या, गोव्यात ज्यांना शिणाणे म्हणतात त्यांचेच भाईबंद, पण आकाराने मोठे, लसूण आणि मलईच्या रश्श्यात. भाऊजींचं मत: माल उत्तम, मसाला शून्य. त्यांनी खिशातून लाल तिखटाची पुडी काढली. शेजारच्या टेबलावरच्या गोऱ्या शेतकऱ्यानेही ती मागून घेतली आणि मग बराच वेळ पाणी पीत बसला.

दुपारी पायी फिरलो. गावात पिवळसर वालुकाश्माची जुनी घरं बरीच आहेत, चिरे नीट तासलेले. सॅन्टोस बीच उत्तरेकडे तोंड करून आहे, दक्षिण किनाऱ्यावर ही दुर्मीळ गोष्ट, त्यामुळे दिवसभर ऊन. आता सगळ्या रंगांची पोरं पोहत होती. गाईड क्षणभरही थांबली नाही, पुढे चालत राहिली.

१८६४ चं दीपगृह ज्या कड्यावर आहे त्याच्या पोटात मोठी गुहा आहे. तिच्या तोंडाशी डॅसी ऊन खात पडलेले असतात: घुशीपेक्षा थोराड, बिनशेपटीचे, आणि नात्याने हत्तीच्या जवळचे, हे सांगितल्यावर जाऊबाईंनी माझ्याकडे संशयाने पाहिलं. खरं आहे ते. गुहेपासून कड्याकड्याने डाना बेपर्यंत साडेतेरा किलोमीटरची पायवाट जाते. आम्ही अर्धा तास गेलो आणि वाऱ्याला कंटाळून परतलो.

निघताना गाईडला गावाच्या पोटापाण्याबद्दल विचारलं. मासळी, पर्यटन, आणि गावाबाहेरचा गॅसचा कारखाना, जिथे समुद्रातल्या नैसर्गिक वायूपासून पेट्रोल-डिझेल बनायचं. १९९२ मध्ये सुरू झाला तेव्हा अशा प्रकारचा जगातला सर्वांत मोठा. वायू संपत आला आणि २०२० च्या शेवटी उत्पादन थांबलं. तिचा भाऊ तिथेच होता. "आता तो होडीवर पर्यटक नेतो," ती म्हणाली. "उद्या सील पाहायला जाल तर बहुतेक तोच भेटेल."

तिसरा दिवस: गोल्फच्या मैदानाखाली

जहाज दोन दिवस थांबणार होतं हे आमचं भाग्य. बरीच जहाजं सकाळी येऊन संध्याकाळी निघतात. तिघं शहामृगांकडे गेले. मी आधीच नोंदवून ठेवलेल्या पिनॅकल पॉइंटच्या दौऱ्यावर. तिथे आपलंआपण जाता येत नाही, वाटाड्याबरोबरच जावं लागतं.

गावापासून पश्चिमेला थोड्याच अंतरावर श्रीमंत वसाहत. फाटकावर पहारा, काचेचे बंगले, कड्याच्या टोकापर्यंत गोल्फची हिरवळ. हिरवळीच्या कडेवरून लाकडी पायऱ्या कड्याच्या अंगाने खाली उतरतात, आणि खाली गुहा. याच बांधकामाआधी १९९७ मध्ये पाहणी करताना पुरातत्त्वज्ञांचं इकडे लक्ष गेलं. २००० पासून कर्टिस मारियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथे उत्खनन केलं. '१३बी' असं रुक्ष नाव असलेल्या गुहेत त्यांना सुमारे १,६४,००० वर्षांपूर्वीची चूल सापडली म्हणा ना: भाजलेल्या शिंपल्या, बारीक दगडी पाती, घासून वापरलेली लाल गेरू. माणसाने समुद्रातलं अन्न नेमाने खाल्ल्याचा इतका जुना पुरावा क्वचित मिळतो. देवमाशाच्या कातडीवरच चिकटणाऱ्या कवचधारी प्राण्याचा अवशेषही मिळाला. म्हणजे किनाऱ्याला लागलेल्या देवमाशाची चरबी कोणीतरी कापून वर आणली होती.

शिंपल्या गोळा करायला भरती-ओहोटीचं गणित लागतं. मोठी ओहोटी अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास. बाकी दिवशी खडक उघडे पडत नाहीत. समुद्र जवळ नसेल तेव्हा तर आधीच ठरवून चालत जायला हवं. आमच्या वाटाड्याने हे समजावायला बराच वेळ घेतला. बरोबरचे कॅनडातले लोक माना डोलावत होते. आमच्याकडे पाचूबंदरच्या कोळणी तिथी बघूनच कालवं काढायला जातात, तेव्हा मला त्या चंद्रपंचांगाच्या सिद्धान्तात धक्का बसण्यासारखं काही नव्हतं. धक्का बसला तो आकड्याचा. एक लाख चौसष्ट हजार.

गुहेत उभं राहिल्यावर समुद्र अगदी पायाशी. पण हिमयुगात पाणी उतरत गेलं, किनारा दूर सरकला, आणि आज जिथे लाटा आहेत तिथे गवताळ मैदान होतं, त्यात चरणारे कळप. माणसांना मागे शिकार, पुढे शिंपल्या, आजूबाजूला जमिनीतले कंद. मारियन यांचं म्हणणं असं, की थंड कोरड्या काळात आफ्रिकेतली माणसं फार थोडी उरली आणि त्यांना या दक्षिण किनाऱ्याने तगवलं. आजची सगळी मानवजात त्यांची लेकरं. सगळे तज्ज्ञ हे मान्य करत नाहीत. मला ते आवडलं, पण आवडलं म्हणून खरं ठरत नाही.

इथल्याच दुसऱ्या एका थरात सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतील असे काचेचे कण सापडले आहेत, ७४,००० वर्षांपूर्वीच्या सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीचे. जवळजवळ नऊ हजार किलोमीटर उडत आलेले. त्या स्फोटाने माणूस जवळपास नामशेष झाला असं पूर्वी मांडलं जाई. इथे मात्र राखेच्या वरच्या थरातही वस्ती चालूच आहे. जुन्नर तालुक्यात कुकडी नदीकाठी बोरीलाही ज्वालामुखीची राख आहे. ती याच स्फोटाची की टोबाच्या त्याआधीच्या, यावर आपल्याकडे अभ्यासक अनेक वर्षं भांडताहेत. वाटाड्याला बोरी सांगितलं. त्याने वहीत लिहून घेतलं, स्पेलिंग दोनदा विचारलं.

त्याने उलट मला विचारलं, की या जागेला जागतिक वारशाचा दर्जा कुठे मिळाला माहीत आहे का. नव्हतं माहीत. जुलै २०२४ मध्ये, नवी दिल्लीत. युनेस्कोच्या समितीची बैठक त्या वर्षी भारतात होती आणि आसामच्या मोइदमांबरोबर, म्हणजे अहोम राजांच्या समाधींबरोबर, याच बैठकीत दक्षिण आफ्रिकेतल्या तीन पुराश्मयुगीन स्थळांच्या गटात पिनॅकल पॉइंट यादीत गेलं.

वर आल्यावर परत गोल्फ. एका गृहस्थाचा चेंडू कड्यावरून खाली गेला. त्याने खिशातून दुसरा काढला.

दुपारी सीलच्या बेटाला जाणारी होडी. गाईडचा भाऊ भेटला का? माहीत नाही, होडीवर तिघे होते आणि तिघेही कारखान्याच्या गोष्टी सांगत होते. बेट म्हणजे खडकाचा एक ढीग, त्यावर हजारो सील एकमेकांवर रेललेले, आणि वास असा की ससून डॉकला सुगंधी म्हणावं. गामाच्या रोजनिशीत हे बेट आहे: तीन हजार सील मोजले, त्यांच्यावर गंमत म्हणून तोफा झाडल्या, आणि बदकाएवढे, उडता न येणारे, गाढवासारखे ओरडणारे पक्षी मनसोक्त मारले. ते पेंग्विन. आम्हाला बेटावर पेंग्विन दिसले नाहीत. पांढरे शार्क दिसतील म्हणून सगळे कॅमेरे रोखून बसलेले, तेही नाहीत.

धक्क्यावर परतले तेव्हा मंडळी शहामृगाचं अंडं घेऊन आली होती, रिकामं, रंगवलेलं. विमानात ते कसं न्यायचं यावर रात्रीच्या जेवणापर्यंत चर्चा चालली. मी गुहेची हकीकत सुरू केली तर जाऊबाई म्हणाल्या, "ताई, आधी सूप घ्या, गार होतंय."

चौथा दिवस: गेबेर्खा

पूर्वीचं पोर्ट एलिझाबेथ. २०२१ पासून अधिकृत नाव गेबेर्खा. खरा उच्चार टाळूवर जीभ आपटून करायचा, तो आम्हा चौघांपैकी कोणालाही जमला नाही, आणि धक्क्यावरच्या टॅक्सीवाल्याने प्रत्येकाला तीन-तीन संधी दिल्या. शहराबद्दल लिहिण्याइतकं आम्ही पाहिलं नाही. वारा मात्र केप टाउनला लाजवेल असा.

संध्याकाळी जहाज ईशान्येला निघालं. काळोखात डाव्या हाताला कुठेतरी क्वाइहूकचं भूशीर गेलं असणार. डियासने १२ मार्च १४८८ रोजी तिथे दगडी खांब रोवला. त्याच्या खलाशांनी पुढे जायला नकार दिला होता. थोडं अंतर आणखी जाऊन त्याला मागे फिरावं लागलं. खांबाचे तुकडे १९३८ मध्ये एरिक ॲक्सेलसन या इतिहासकाराने वाळूतून शोधून काढले, ते जोडून आता जोहान्सबर्गच्या विद्यापीठात ठेवले आहेत.

ज्यांना मोसेल बेला जायचंय त्यांना माझा सल्ला: जहाजापेक्षा मोटार बरी. केप टाउनहून एन-२ रस्त्याने चारशे किलोमीटरच्या आत आहे, जवळचा विमानतळ जॉर्ज. दोन रात्री राहा, पिनॅकल पॉइंट आधी नोंदवा, आणि संग्रहालयात स्थानिक गाईड घ्या. फलकांवर जे नाही ते तिच्याकडे आहे. तिखटाची पुडी विसरू नका.

डर्बनबद्दल वेगळं लिहीन. तिथे १८६० पासून उसाच्या मळ्यांवर आणलेले आपल्याकडचे लोक आहेत, आणि ते या लेखाच्या शेपटाला बांधण्यासारखे नाहीत.